मापाची बॉडी

दुर्गापुरा स्टेशनच्या मागच्या गल्लीत द्वारकाबाई इंगळ्यांचं घर कुठलं, असं विचारलं तर कुणाला सांगता येणार नाही. 'बॉडीवाली आंटी' म्हटलं, की किराणा दुकानातले शेठजी न बोलता पुढच्या वळणाकडे हात करतात आणि लगेच तराजूत डोकं घालतात.

बॉडी म्हणजे दुकानात काचेआड टांगलेली ती इलास्टिकची वस्तू नव्हे. आपल्या आज्या जी घालत, ती. सुती कापडाची, अंगाच्या मापानं कापलेली, पुढून उघडणारी, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या कटोऱ्यांवर गोल गोल शिलाई मारलेली. सपाट कापडाला गोलाई आणायची तर कुठंतरी ते चुणीत दुमडून खाऊन टाकावं लागतं. किती खायचं आणि कुठं, यातच सगळी विद्या. द्वारकाबाईंनी ती मूर्तिजापूरला आईच्या मांडीशी बसून घेतली. मग लग्न झालं, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी जयपूरला आल्या, आणि रेल्वे कॉलनीतल्या बायकांना शिवून देता देता हीच त्यांची ओळख झाली.

गंमत अशी, की मरायला टेकलेली ही वस्तू आता पुन्हा उठून बसली आहे. कपड्यांचं डिझाइन शिकणाऱ्या मुली जुन्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंनी भरलेला फोन घेऊन दारात येतात. "आंटी, एकदम विंटेज चाहिए. ऐसी नुकीली."

द्वारकाबाई फोटोकडे बघतही नाहीत. पोरीकडे बघतात. "नुकीली बाद में. पहले सीधी खड़ी हो. फोन देख-देखके कंधे गोल कर लिए, उस पे क्या चढ़ाऊँ मैं?"

मुली हसतात, बोलणी खातात, माप देतात आणि मैत्रिणींना पाठवतात. कारण शिवलेली बॉडी अशी बसते, की अंगात घातली आहे हे दुपारपर्यंत आठवत नाही. बाईंचं तोंड मात्र दिवसभर आठवतं.

तर अशा या द्वारकाबाई आख्ख्या गल्लीच्या, कॉलनीच्या, कॉलेजच्या बॉड्या शिवत होत्या. फक्त एका बाईची नाही. ती बाई त्यांच्याच डोक्यावर राहत होती. वरच्या मजल्यावर. त्यांची थोरली जाऊ, सुलोचनाबाई.

घर दोन भावांनी मिळून बांधलेलं. थोरले पंडितराव रेल्वेत गार्ड, धाकटे उत्तमराव सिग्नलवर. वर थोरला, खाली धाकटा, जिना बाहेरून. पंडितराव अकाली गेले, सुलोचनाबाईंना अनुकंपेवर पार्सल ऑफिसात नोकरी लागली, आणि त्या नोकरीनं त्यांचा आवाज आणखी एक पट्टी वर गेला. तोवर जावाजावांचं जेवढं वाकडं असतं तेवढंच होतं. पाण्याची टाकी, जिन्याचा केर, विहारात पुढं कोण बसलं, एवढंच.

मग द्वारकाबाईंच्या लेकीच्या, गौतमीच्या मुलाचं नामकरण आलं. वरच्या हॉलमध्ये पाहुणे बसले होते. गौतमीच्या सासूबाईंनी सहज विचारलं, "विहीणबाई काय करतात?"

द्वारकाबाई ताटं वाढत होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत सुलोचनाबाई म्हणाल्या, "काही नाही हो. लोकांच्या बायकांच्या छात्या मोजते."

हॉल हसला. गौतमीच्या सासूबाई हसल्या. पदर तोंडावर धरून हसल्या, पण हसल्या. द्वारकाबाईंनी हातातलं ताट होतं तिथंच ठेवलं आणि जिना उतरून खाली आल्या. त्या दिवसानंतर त्या जिन्यावर त्यांनी पाय ठेवला नाही. गौतमीचा तो पोरगा आता शाळेत जातो.

बोलणं बंद झालं. पण दोरीवरचे कपडे दिसायचे थांबत नाहीत. गच्चीवरून खाली लोंबणाऱ्या सुलोचनाबाईंच्या बॉड्या द्वारकाबाई रोज बघत होत्या. भांडणाच्या आधी शिवलेल्या, आपल्याच हाताच्या. दुकानातलं इलास्टिक सुलोचनाबाईंना चालत नसे, अंगावर पुरळ उठे. म्हणून त्याच जुन्या, ठिगळ लावून, पुन्हा ठिगळ लावून. ठिगळांची शिलाई बघून द्वारकाबाईंच्या पोटात थंडावा पडे. 'गोणपाट शिवल्यासारखं शिवते,' त्या उत्तमरावांना सांगत. 'घाला म्हणावं. टोचू दे.'

या संक्रांतीला, आख्खं जयपूर पतंगांसाठी गच्च्यांवर चढलेलं असताना, सुलोचनाबाई गच्चीतच खाली बसल्या आणि पुन्हा आपल्या आपण उठल्या नाहीत. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, जीभ तर काडीइतकीही वाकडी झाली नाही, पण उजवा हात गेला आणि उजवा पाय ओढत चालावं लागलं. मुलगा संकल्प पुण्याहून आला, दिवसभराची बाई ठेवून गेला. सुलोचनाबाईंनी तिला होळीच्या आत पळवली. दुसरी ठेवली, ती त्याहून लवकर गेली.

शेवटी वैशाखाच्या तोंडाशी संकल्पचा खाली फोन आला.

"काकू, मी पुढच्या रविवारी येतोय. आईशी बोललोय साफ साफ. मतलब, सकाळी आंघोळ करून स्वतःचे स्वतः सगळे कपडे घालून बाहेर येता आलं, तर राहा इथं. नाही तर सामान बांधायचं, माझ्यासोबत पुण्याला. असं परक्यांच्या भरवशावर नाही ठेवू शकत मी."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आणि ती आली तर वरचा मजला गौतमीला देऊ या ना. भाडं भरत बसलेत ते लोक तिकडं झालानाला. रिकामा ठेवण्यापेक्षा घरचं माणूस बरं."

द्वारकाबाईंनी फोन ठेवला. मग कितीतरी वेळ त्या वरच्या छताकडे बघत राहिल्या. गौतमी वर. नातू जिन्यावरून धावत खाली येतो आहे. ओढलेल्या पायाचा घासत जाणारा आवाज नाही. संध्याकाळी त्यांनी गौतमीला सांगून टाकलं आणि गौतमीनं त्याच दिवशी पडद्यांचे रंग ठरवले.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव वरून उतरले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, आणि आपण ठेवलीच नाही अशा थाटात पाणी प्यायला लागले.

"काय हाय हे?"

"वैनीनं देलं."

द्वारकाबाईंनी पिशवीत हात घातला. जुनी बॉडी निघाली. आपलीच. काखेत ठिगळ, पट्ट्याला ठिगळ.

"मापाची म्हणे," उत्तमराव ग्लासात बोलले. "एक शिवून पायजे. एका हातानं घालता येईल अशी. कुर्ता घालता येते तिले, सलवार घालता येते. हे एक नाही जमत. आन् याच्याबिगर वैनी पोरापुढं काय, डॉक्टरापुढं पण येत नाही."

"तोंड नाही तिले? तुमाले कुरिअर ठेवलं का?"

"तुमच्या दोघींत मले काहून दाबता वं?"

"आन् नाही शिवली तर?"

उत्तमरावांनी ग्लास विसळून पालथा घातला. नाही शिवली तर काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. फक्त 'हो' म्हणायचं नव्हतं. फक्त ती पिशवी होती तशी रविवारपर्यंत ओट्यावर पडू द्यायची होती.

द्वारकाबाईंनी पोळ्या केल्या, भाजी केली, भांडी घासली आणि प्रत्येक वेळी पिशवी इकडून तिकडे सरकवली. दुपारी लू सुटली, गल्ली ओस पडली, तशा त्या मशीनपुढे जाऊन बसल्या.

चांगुलपणानं नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. छात्या मोजते म्हणाली होती ना? मग आता शिवतेच अशी, की रोज सकाळी उठून माझ्या हाताची गाठ छातीशी बांधल्याशिवाय तिला जगात तोंड दाखवता येणार नाही. रोज. मरेपर्यंत. त्या विचारानं त्यांना इतकं बरं वाटलं, की गौतमीच्या पडद्यांचा घटकाभर विसर पडला.

कापड पांढरं पॉपलीन होतं. आधी पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री केलं, म्हणजे नंतर आटायला नको. जुनी बॉडी बाजूंनी उसवली, कापडाची दुहेरी घडी घातली, घडीवर तुकडे मांडले आणि खडूनं रेघ ओढली. अवघड रचना तेवढी बदलली. पुढं हुकांची रांग नको, एका हातानं ती लागत नाही. त्याऐवजी एकावर एक येणारे दोन पदर आणि तीन मोठे हूक. उत्तमरावांच्या रेल्वेच्या जुन्या पँटी माळ्यावर होत्या. त्यांच्या कमरेचे चपटे लोखंडी हूक द्वारकाबाईंनी काढून घेतले. ते एकदा समोरच्या पट्टीतल्या त्यांच्या घरात शिरले की सुटत नाहीत.

दोन दिवसांत बॉडी तयार झाली. उत्तमराव ती वर घेऊन गेले. द्वारकाबाई खाली डाळ निवडत बसल्या, पण कान जिन्याकडे.

आधी वर काहीच नाही. मग पावलाचं घासणं. मग सुलोचनाबाईंचा आवाज, पार्सल ऑफिसातला, शेवटच्या हमालापर्यंत पोचणारा.

"द्वारकेऽ! अगं द्वारके!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं होतं. द्वारकाबाई उठून अंगणात आल्या, तेवढ्यात कठड्यावरून काहीतरी पांढरं खाली आलं आणि उत्तमरावांच्या स्कूटरच्या हँडलवर अडकलं. समोरच्या घरातल्या गुप्ताजींनी पेपर तोंडासमोर उंच धरला.

"घाल तूच!" वरून आवाज आला. "उजवा खांदा कोपरापर्यंत येऊन राहिला याचा. एकीकडं झोळी, एकीकडं फाशी. मुद्दाम केलं तू!"

"मुद्दाम?"

"मले काय समजत नाही? पोरगी आणून बसवायची हाय तुले माह्या घरात. फोन झाले तुमचे, मले सगळं माहीत हाय. असं फाटकंतुटकं शिवून देलं, की रविवारी संकल्पसमोर मी लटपटते, आन् तू पेढे वाटते!"

द्वारकाबाईंनी हँडलवरची बॉडी काढली. बघितली. शिलाई सरळ होती, टाका एकसारखा, कटोऱ्या दोन्ही एकमेकींच्या आरशासारख्या. यात कुणी खोट काढूच शकत नव्हतं. पण ती बसली नव्हती, आणि 'मुद्दाम' हा शब्द आता गुप्ताजींच्या पेपरापर्यंत पोचला होता. उद्या तो किराणा दुकानात पोचला असता. परवा कॉलेजच्या पोरींपर्यंत.

त्या जिना चढल्या.

वरच्या खोलीत पंख्याखाली सुलोचनाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, अंगाभोवती चादर गुंडाळून. जवळून त्या निम्म्या झाल्यासारख्या दिसत होत्या. गाल बसले होते. डोळे मात्र तेच.

"दार लावा तिकडून," द्वारकाबाई उत्तमरावांना म्हणाल्या. दार लागलं, उत्तमराव बाहेर राहिले.

"आता सांगते तुम्हाले," द्वारकाबाई म्हणाल्या. "मजला मले पायजेच. लपवायचं काय त्यात? माही पोरगी भाडं भरून राहिली आन् तुम्ही चार खोल्यांत एकटं फुरफुरत बसता. रविवारी तुम्ही गेलात तर मी अडवणार नाही. पण माह्या हाताची शिलाई खोटी हाय असं म्हणायचं नाही. समजलं?"

"मग बसली काहून नाही?"

"कारण तुम्ही मापाची बॉडी पाठवली! कधीची ते? झटक्याच्या आधीची. त्या मापाची बाई हाय का आता इथं? पाहा आरशात."

सुलोचनाबाई आरशात बघणार नव्हत्या. "मापाची देणंच चालते. सगळ्याच बाया देतात."

"सगळ्या बायांचे दोन खांदे सारखे असतात." हे बोलता बोलता द्वारकाबाई थांबल्या. चूक कुठं झाली ते त्यांना त्या वाक्यातच दिसलं, आणि ती अर्धी आपलीच होती. शिंपीकाम शिकणाऱ्याला पहिला धडा हाच असतो: माप अर्ध्या अंगाचं घे, कापड दुमड, दोन्ही बाजू एकदम काप. उजवी तशी डावी. माणसाचं अंग घडीवर कापलं आहे असं धरूनच सगळी कात्री चालते. समोरच्या बाईचं अंग आता घडीवरचं राहिलं नव्हतं. उजवा खांदा खाली ओघळला होता, उजवी छाती त्याच्यामागून खाली आली होती, उजवीकडचं मांस आटलं होतं आणि सगळा भार डाव्या कुशीवर गेला होता. हे वर येऊन एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. पण यायचं नव्हतं. तिला बोलवायचं नव्हतं आणि हिला यायचं नव्हतं.

त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"चादर काढा."

"नाही काढत."

"मग बसा. मी जाते खाली."

"अंदाजानं कर."

"अंदाजानं केलं तेच स्कूटरवर लटकलं होतं."

सुलोचनाबाईंचा डावा हात चादरीची कड आवळून होता. पुण्याला संकल्पचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. तिथं सून कामाला गेली की दार बाहेरून बंद होणार, हे त्यांना न सांगता कळलेलं होतं.

"मोजायचं असन तर मोज," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"असं नाही." द्वारकाबाई टेप दोन्ही हातांत ताणून उभ्या. "विहीणबाईपुढं काय म्हणलं होतं तुम्ही? आठवते?"

"मले काही आठवत नाही."

"मले आठवते. मी काय मोजते म्हणाल्या होत्या? आता तेच तोंडानं सांगा. काय मोजू?"

सुलोचनाबाईंच्या मानेवरची शीर उडायला लागली. असं तर त्यांनी डॉक्टरांनाही बोलू दिलं नव्हतं. "रांड आहेस तू एक नंबरची," त्या म्हणाल्या.

"ते नाही विचारलं."

"छाती मोज," सुलोचनाबाई ओरडल्या. "मोज माही छाती! झालं समाधान? मोज आन् मर!" आणि चादर सोडून दिली.

दाराबाहेर उत्तमराव खोकले.

द्वारकाबाईंनी मोजलं. उजवं वेगळं, डावं वेगळं. खांद्यापासून टोकापर्यंत, टोकापासून खालच्या पट्टीपर्यंत, काखेतून पाठीच्या मणक्यापर्यंत, दोनदा. कुठं हळुवारपणा केला नाही. हात उचलायचा तेव्हा पोतं उचलल्यासारखा उचलला, वळवायचं तेव्हा वळवलं. सुलोचनाबाई 'हात थंड आहेत तुझे', 'नख लागलं', 'कोंबडी आहे का मी' असं बोलत राहिल्या. बोलणं एकदाही थांबलं नाही, पण अंगही त्यांनी चोरलं नाही.

या खेपेला द्वारकाबाईंनी कापडाची घडी घातली नाही. एकेरी पसरलं आणि उजवी बाजू आधी कापली, मग डावी. दोन तुकडे शेजारी ठेवले तर ते दोन निरनिराळ्या बायकांचे वाटले असते. उजवा पट्टा आखूड, उजवी कटोरी उथळ आणि खाली सरकवलेली. डावीकडं पट्टी रुंद, कारण सगळा ताण तिनंच घ्यायचा. अशी वाकडी वस्तू त्यांनी जन्मात शिवली नव्हती. शिवताना लाज वाटली. कुणी बघितली असती तर म्हटलं असतं, आंटीला आता दिसत नाही.

नुसती टाचून घेऊन त्या पुन्हा वर गेल्या. या वेळी कुणी न बोलावता.

"हे काय हे?" सुलोचनाबाईंनी पदरांकडे बोट केलं. "डावी बाजू वर? हे तं बाप्यांची पट्टी हाय. मी काय तुहा उत्तम हाय का?"

"तुमचा कोणता हात चालते?"

"डावा."

"मग डाव्या हातानं डावा पदर धरून उजवीकडं न्यायचा. बाईसारखी ठेवली तर उजव्या हातानं ओढावी लागते. ओढता का? ओढून दाखवा."

सुलोचनाबाईंनी नाक उडवलं आणि घालायला घेतली. लुळा हात आधी, तो डाव्या हातानं पट्ट्यात ओवायचा. मग पाठीवरून ओढून डावा. इथवर जमलं. पुढं डाव्या पदराचा हूक उजव्या पदराच्या घरात घालायला गेल्या, की उजवा पदरच मागं पळायचा. ओढावं तितका पळायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. घाम टिपायलाही दुसरा हात नव्हता.

"नाही जमत." आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "सांग त्याले. बांधा म्हणावं सामान."

द्वारकाबाईंना गौतमीचे पडदे आठवले. इथं फक्त 'बरं' म्हणायचं होतं. त्याऐवजी त्या चिडल्या. कशावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढं झाल्या, सुलोचनाबाईंचा लुळा हात मनगटाला धरून उचलला आणि उजव्या पदराच्या कडेवर, पोटाशी, दाणकन ठेवला.

"फुकट बसून खाऊन राहिला हा! याले काम द्या. बोटं नाही चालत तर नाही चालत, वजन तर हाय का नाही? ठेवा दाबून. हं. आता लावा."

मेलेल्या हाताच्या ओझ्याखाली पदर जागेवर राहिला. पहिला हूक लागला. कट्, असा बारीक आवाज झाला. सुलोचनाबाईंनी वर बघितलं नाही. दुसरा लावला. तिसऱ्याला वेळ लागला, पण लागला.

"काखेत रुतते," त्या म्हणाल्या.

"टाचलेली हाय. रुतन नाही तर काय करन?"

रविवारी संकल्प सकाळच्या गाडीनं आला. चहा घेतला, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं नाही एवढंच, बाकी परीक्षकासारखा हॉलमध्ये बसला. सोबत दोन रिकाम्या बॅगा आणल्या होत्या. उत्तमराव शेजारी बसले. द्वारकाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. का आलो ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. मग काठीचा. मग काहीच नाही. संकल्पनं पाय हलवायला सुरुवात केली.

"आई, मदत करू का?"

"गप बस तिथं!"

काहीतरी पडलं. शिवी ऐकू आली. संकल्प उठला, द्वारकाबाईंनी चौकटीतून हात आडवा केला. "तिचं ती करन म्हणाली ना? मग करू दे."

"काकू, पण ती पडली तर?"

"पडली तर आवाज वेगळा येतो."

मनातल्या मनात मात्र द्वारकाबाई कुणाच्या बाजूनं आहेत हे त्यांनाच कळेना. एक मन म्हणत होतं, सुटू दे तो हूक. सुटला तर माझी पोर येईल. दुसरं मन बॉडीबरोबर आत होतं आणि तिथल्या बोटांना सांगत होतं, आधी हात ठेव पोटाशी, आधी हात.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. निळा कुर्ता, पांढरी सलवार, ओले केस डावीकडं ओढलेले. उजवा खांदा खाली होता, पण त्याखाली कुर्ता सरळ पडला होता, आणि सुलोचनाबाई छाती काढून उभ्या होत्या, पार्सल ऑफिसच्या खिडकीत उभ्या राहत तशा.

"काय पाहून राहिला?" त्या मुलाला म्हणाल्या. "बॅगा आणल्या ना? कानोत्याला नेऊन आण मले धरणावर. घरात बसून कंटाळा आला."

संकल्पनं आईकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, आणि हसला. "ठीक आहे. राहा. शब्द दिलाय मी." त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि अकराव्या मजल्यावरच्या बायकोला फोन करायला तो गॅलरीत गेला.

सुलोचनाबाई द्वारकाबाईंजवळून जाताना थांबल्या. "उजव्या काखेत अजून रुतते. दुसरी शिवशील त्यात सैल ठेव."

"दुसरी कोण शिवते?"

"तूच. वाळायला दुसरी नको का? आन् हे हूक बदल. वापरलेल्या पँटीचे लावले, मले माहीत हाय."

आभार वगैरे काही नाही. द्वारकाबाईंनाही ते नको होतं. आभार आले असते तर त्यांना काय करावं ते सुचलं नसतं.

खाली आल्यावर त्यांनी गौतमीला फोन लावला. दोन वेळा स्वतःच कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

"राहून राहिली ती," त्या म्हणाल्या. "घातले कपडे तिनं."

पलीकडे नातवाचा आवाज येत होता. 'नानी है क्या? हम कब जाएँगे?'

"सगळे घातले?" गौतमीनं विचारलं. "बॉडी पण?"

"हो."

"ती कुणी शिवून दिली, आई?"

द्वारकाबाईंनी मशीनवरचा दोरा बोटाला गुंडाळला. "मी."

"माझ्या सासूसमोर तुला काय बोलली होती ती. मी तिथं बसले होते, मांडीवर बाळ घेऊन. सगळे हसले, आणि मला आजही सासूच्या तोंडून ते ऐकावं लागतं. आणि तू तिला शिवून दिलीस? मतलब, माझं घर घालवून?"

"खोटी शिवता नाही आली, बाई."

"तर मग नाही शिवायची ना! कुणी पाया पडलं होतं तुझ्या?"

याला उत्तर होतं. सुलोचनाबाईंनी चादर कशी सोडली आणि कोणते शब्द उच्चारले, ते सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर गौतमीला कदाचित बरंही वाटलं असतं. पण वरच्या खोलीत उघड्या अंगानं जे झालं होतं ते लेकीलासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं. ती गोष्ट माप देणाऱ्या बाईची असते.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही पडलं."

"मग राहा आता तुम्ही दोघी," गौतमी म्हणाली आणि फोन ठेवला.